प्रश्न तुमचे : सॅन अँटोनिओचं ४१ नंबरचं चॅनेल

टेक्सासमधल्या केडब्ल्यूईएक्स या स्पॅनिश टीव्ही केंद्राबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (सांगली) : अमेरिकेतलं पहिलं स्पॅनिश टीव्ही केंद्र टेक्सासचं म्हणायचं की पोर्तो रिकोचं?

नुसतं 'पहिलं' विचाराल तर पोर्तो रिकोचं, म्हणजे कॅरिबियनमधल्या अमेरिकी बेटाचं. सान हुआनचं डब्ल्यूकेएक्यू १९५४ मध्येच सुरू झालं होतं. सॅन अँटोनिओचं केंद्र सुरू झालं १० जून १९५५ ला, म्हणजे ते मुख्य भूमीवरलं पहिलं. तेव्हा त्याचं नाव केसीओआर होतं. मालक राऊल कोर्तेस १९४६ पासून त्याच नावाचं रेडिओ केंद्र चालवत होते.

प्रश्न (नाशिक) : शहरात स्पॅनिश बोलणारे एवढे असूनही कोर्तेस यांना सहा वर्षांत केंद्र का विकावं लागलं?

प्रेक्षक होते, पण त्यांच्या घरातल्या संचावर चॅनेल लागत नव्हतं. तेव्हाच्या बहुतेक संचांचं बटण २ ते १३ एवढंच, म्हणजे व्हीएचएफ पट्ट्यातच फिरे. ४१ हे यूएचएफमधलं, म्हणजे १४ ते ८३ या पट्ट्यातलं. ते बघायचं तर वेगळा कन्व्हर्टर आणि वेगळी अँटेना विकत घ्यावी लागे. कन्व्हर्टर ४१ चा सिग्नल खाली उतरवून संचाच्या ५ किंवा ६ नंबरवर आणून देई. संच ५ वर ठेवायचा आणि चॅनेल कन्व्हर्टरच्या चकतीवर शोधायचं. या चकतीला बहुधा खटके नसत, त्यामुळे केसभर इकडे-तिकडे झालं तरी चित्र जाई. त्यात डबा तापला की आतला ऑसिलेटर, म्हणजे लहरी निर्माण करणारा भाग, सरके, मग उठून पुन्हा जुळवाजुळव. अँटेनापासून आलेली चपटी दुपदरी तार पावसात भिजली की सिग्नलचा बराच भाग तीच गिळे. व्हीएचएफवर हा तोटा फारसा जाणवत नसे, यूएचएफवर चित्रच पुसलं जाई.

एवढा खर्च आणि खटाटोप कष्टकरी वस्तीतल्या किती घरांना परवडणार? आणि जितक्या घरांत चॅनेल दिसत नाही, तितकी घरं जाहिरातदाराच्या हिशेबात नसतातच. कोर्तेस यांनी १९६१ मध्ये केंद्र विकलं. घेणाऱ्यांमध्ये मेक्सिकोचे एमिलिओ अस्कारागा विदाउर्रेता, रेने अन्सेल्मो आणि कोर्तेस यांचेच जावई एमिलिओ निकोलास होते. नाव बदलून केडब्ल्यूईएक्स झालं. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी लॉस एंजेलिसला केएमईएक्स काढलं, तेही यूएचएफवर, ३४ नंबरला. १९६२ च्या कायद्याने प्रत्येक नव्या संचात यूएचएफ सक्तीचं केलं, पण ते ३० एप्रिल १९६४ नंतर बनलेल्या संचांना लागू होतं. घरोघरी ठाण मांडून बसलेले जुने संच आणखी कितीतरी वर्षं चालले, त्यामुळे कायद्याचं फळ उशिरा पदरात पडलं.

प्रश्न (पुणे) : उपग्रह नव्हते तेव्हा मेक्सिकोचे कार्यक्रम टेक्सासपर्यंत कसे पोचत?

टेपवरून. टेप दोन इंच रुंद असे आणि सेकंदाला १५ इंच पळे. तासाभराच्या कार्यक्रमाला ४,५०० फूट टेप लागे, ते चाक एका हाताने उचलणं जिकिरीचं. मेक्सिकोहून आलेली टेप एका केंद्रावर दाखवायची आणि पुढच्या केंद्राकडे रवाना करायची, असा शिरस्ता होता. त्यामुळे एकच भाग वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या दिवशी दिसे. एक सोय मात्र आयती होती. मेक्सिको आणि अमेरिका, दोन्हीकडे ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रं हीच पद्धत, म्हणून टेप आली की थेट लावता येई. आपल्याकडच्या ६२५ रेषा आणि २५ चित्रांच्या टेपचं तसं झालं नसतं, आधी रूपांतर करावं लागलं असतं.

बिघाड बहुतेक हेडमध्ये, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागात होई. या यंत्रात एका तबकडीवर चार हेड असत आणि तबकडी मिनिटाला १४,४०० फेरे घेई. एक हेड एका घासात चित्राच्या साधारण १६ रेषा वाची. समजा एका हेडमध्ये टेपवरचा झडलेला चुंबकीय लेप (ऑक्साइड) अडकला, तर पडद्यावर १६ रेषांचा पट्टा नुसता मुंग्यांचा दिसे. पुढचे तीन पट्टे स्वच्छ, की पुन्हा मुंग्या. दर चौथा पट्टा बिघडला म्हणजे एकच हेड तुंबलंय, हे तंत्रज्ञ पडद्याकडे पाहूनच सांगे. उपाय म्हणजे टेप थांबवून हेड द्रावणाने पुसायचं. प्रक्षेपण चालू असताना ते जमत नसल्याने दुसरं यंत्र तयार ठेवावं लागे. १९७६ मध्ये या केंद्रांच्या जाळ्याने, म्हणजे नेटवर्कने, उपग्रहावरून कार्यक्रम पाठवायला सुरुवात केली आणि ही वाहतूक आटोक्यात आली.

प्रश्न (कोल्हापूर) : १९८६ मध्ये या केंद्रांच्या परवान्याची नेमकी भानगड काय होती?

मालकीची. १९३४ च्या दळणवळण कायद्यानुसार परवानाधारक कंपनीत परक्या नागरिकाला थेट २० टक्क्यांहून जास्त हिस्सा ठेवता येत नाही. कागदोपत्री ही मर्यादा पाळलेली होती. पण कार्यक्रम पुरवणाऱ्या नेटवर्कला परवाना लागतच नसे आणि त्यात मेक्सिकोचा वाटा मोठा होता. जानेवारी १९८६ मध्ये परवाने देणाऱ्या संघीय दळणवळण आयोगाच्या प्रशासकीय न्यायाधीशाने निकाल दिला की खरा ताबा परक्यांकडे आहे, परवान्यांचं नूतनीकरण करू नये. मग शुभेच्छापत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॉलमार्कने एका भागीदारासह ही केंद्रं सुमारे ३० कोटी डॉलरना घेतली. १९८७ पासून नेटवर्कचं नाव युनिव्हिजन. गंमत अशी की २०१७ मध्ये याच कंपनीत ४९ टक्क्यांपर्यंत परकीय मालकीला त्याच आयोगाने मंजुरी दिली.

प्रश्न (सॅन अँटोनिओ, टेक्सास) : आई-बाबांना स्पॅनिश फुटबॉल आवडतो म्हणून अँटेना बसवली. ४१ कधी लागतं, कधी नाही. काय बघावं?

आधी एक ध्यानात घ्या : ४१ हा आता पाटीवरचा आकडा उरलाय. खरं ४१ म्हणजे ६३२ ते ६३८ मेगाहर्ट्झ. ३८ ते ५१ हा सगळा पट्टा लिलावात मोबाइल कंपन्यांकडे गेला आणि केंद्रांना २०२० पर्यंत खालच्या पट्ट्यात हलावं लागलं. सिग्नलबरोबर '४१' हा आकडा पाठवला जातो, तोच तुमच्या टीव्हीवर दिसतो.

म्हणून पूर्ण स्कॅन करा, 'नवीन चॅनेल जोडा' हा पर्याय नको. जुनी नोंद चिकटून राहिली असेल तर अँटेनाची वायर काढून एकदा स्कॅन करा म्हणजे यादी पुसली जाईल, मग वायर लावून पुन्हा करा. मेनूत 'केबल' नव्हे, 'अँटेना' निवडलंय ना, ते पाहा. दोन्हींच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या आहेत.

तरीही येत-जात असेल तर अँप्लिफायरवर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या डब्यावर संशय घ्या. जवळच्या मोबाइल मनोऱ्याचा ६०० मेगाहर्ट्झचा जोरदार सिग्नल त्यात शिरला की तो दबतो आणि टीव्हीचा सिग्नलही बिघडवतो. काढून बघा. गरजच असेल तर त्याच्या आधी फिल्टर लावा, पण ६०८ मेगाहर्ट्झच्या वर कापणारा. जुने फिल्टर ६९८ च्या वरच कापतात, ते इथे कुचकामी.

दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावला असेल तर तिथे ३.५ डेसिबल, म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती जाते. अँटेनाच्या आरजी-६ केबलमध्ये १०० फुटांना आणखी ५ च्या आसपास. डिजिटलमध्ये चित्र आधी धूसर होऊन इशारा देत नाही. सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर असेपर्यंत चित्र झकास, त्याखाली गेलं की चौकोन पडतात आणि पडदा काळा होतो. म्हणून टीव्हीच्या मेनूतला सिग्नलचा काटा बघत अँटेना थोडी थोडी फिरवा, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबा. झाडाला पालवी फुटल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर अँटेना पानांच्या वर न्या.