बळकावली, की नुसती अडवली?

प्रश्न (मुलुंड): आजार 'बळावतो' आणि गादी 'बळकावतात'. यांचं नातं काय?

उत्तर: दोन्हींच्या पोटात संस्कृत 'बल' आहे. पण ताप, संशय हे आपले आपण बळावतात. बळकावायला दुसऱ्याची वस्तू लागते. गंमत म्हणजे आज या शब्दात बळ फारसं उरलेलं नाही. जिन्याखाली कुणी आधी जुनी सायकल ठेवतो, मग चपलांचा स्टँड, मग पत्र्याचं कपाट आणि त्याला कुलूप. धक्काबुक्की होत नाही, तरी सोसायटीच्या सभेत 'जागा बळकावली' असंच म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. जोर किती लावला हे कुणी मोजत नाही, हक्क कुणाचा होता ते बघतात.

प्रश्न (बोरिवली): लोकलमध्ये रुमाल टाकून चार-चार सीट बळकावणाऱ्यांना हाच शब्द लावावा ना?

उत्तर: नाही. त्या सीट 'अडवल्या'. रिकाम्या सीटवर अजून कुणाचाच हक्क नसतो. रुमाल उचलून तुम्ही बसलात, तर तो ग्रुप तुम्हाला कोणता शब्द लावेल, ते या सदरात छापता येणार नाही.

प्रश्न (गिरगाव): राघोबादादांना पेशवाईची वस्त्रं छत्रपतींकडून रीतसर मिळाली होती. मग 'पेशवाई बळकावली' कसं?

उत्तर: वस्त्रं मिळाली हे खरं. पण ती मिळायची वाट ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांच्या खुनाने मोकळी झाली होती. दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचा, म्हणजे बारभाईंचा, सगळा वाद त्यावरच होता, आणि १७७४ मध्ये नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव जन्मल्यावर हक्कदारही पाळण्यात आला. पुढे दादा मुंबईकर इंग्रजांकडे गेले. १७७५च्या सुरतेच्या तहात त्यांनी वसई आणि साष्टी देऊ केली. साष्टी म्हणजे आजची आपली उपनगरं, आणि ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी आदल्याच डिसेंबरात घेतला होता! तेव्हा गिरगावकरांनो, मुलुंड-बोरिवलीचे वाचक या सदरात आले तेही बळकावण्याच्या गोष्टीतूनच.

प्रश्न (परळ): 'बळकावणे'साठीच्या इंग्रजी 'युसर्प'चं मूळ काय?

उत्तर: लॅटिन 'उसुर्पारे'. 'उसुस' म्हणजे वापर आणि 'रापेरे' म्हणजे हिसकावणे, अशी त्याची फोड सांगतात. पण लॅटिनमध्ये तो नेहमी शिवी नव्हता. नुसतं 'वापरणे' असाही अर्थ होता. रोमन कायद्यात तर जवळजवळ उलटा प्रकार. जमीन सलग दोन वर्षं वहिवाटली की मालकी मिळे, आणि ती वहिवाट मध्येच तुटली तर त्या तुटण्याला 'उसुर्पातिओ' म्हणत. बायको वर्षभर सलग नवऱ्याकडे राहिली की त्याच्या अधिकाराखाली जाई. ते नको असेल, तर तिने दर वर्षी तीन रात्री बाहेर काढायच्या! आपल्याकडेही खासगी जागेवर बारा वर्षं उघड, विरोधी कब्जा ठेवून हक्क सांगता येतो. जुन्या चाळींत ही 'बारा वर्षं' सगळ्यांना पाठ असतात. भाडेकरूला ती लागू होत नाहीत, एवढं मात्र विसरतात.

प्रश्न (दादर): 'सत्तेचा अपहार' चालेल?

उत्तर: संस्कृत म्हणून चालेल, मराठीत अडखळेल. 'अपहार' म्हटलं की वाचक पतपेढीचा कॅशियर शोधतो आणि 'अपहरण' म्हटलं की पोलीस. धातू दोन्हींचा एकच, 'हृ', म्हणजे नेणे. 'लाटली' लिहिलंत तर लबाडीचा वास येतो. भूखंड आणि पुरस्कार लाटतात. 'गिळंकृत'ही नको. तो मराठी 'गिळणे'ला 'अलंकृत'चा झब्बा घालून सजवलेला शब्द आहे, मला आवडतो, पण गिळलेली वस्तू परत मिळत नाही. 'सत्ता बळकावली' असंच लिहा.