टीव्ही पाहणे पूर्णपणे सोडल्याने माणसाला स्वतःला काय फायदा होतो?

टीव्ही सोडल्याने स्वतःला नेमका काय लाभ होतो आणि त्यासाठी घरात वाद ओढवून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. आमच्या घरातला टीव्ही 2019 च्या मार्चपासून बंद आहे, म्हणून अनुभवाचे तेवढे सांगते.

त्या वर्षी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नव्या नियमांमुळे प्रत्येक ग्राहकाला हव्या त्या वाहिन्या निवडून केबलवाल्याकडे यादी द्यावी लागत होती. पहिल्या 100 वाहिन्यांचे 130 रुपये, त्यावर जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे, असा तो हिशेब होता. कोण काय पाहतो हे लिहायला मी वहीचे पान घेऊन बसले आणि माझ्याच नावापुढे रोजचे तीन तास भरले. तीन तासांप्रमाणे वर्षाचे 1095 तास होतात, म्हणजे दिवसरात्र मोजले तर पंचेचाळीस दिवसांहून अधिक. तासाला बारा मिनिटे जाहिराती दाखवण्याची तेव्हा नियमाने मुभा होती. तेवढ्याच धरल्या तरी 219 तास केवळ जाहिरातींत गेले असते. नोकरी सांभाळून वाचायला वेळ मिळत नाही, असे मी तोवर सर्वांना मनापासून सांगत आले होते. ती यादी केबलवाल्याकडे गेलीच नाही.

पहिले पंधरा दिवस अवघड गेले. संध्याकाळी सात वाजले की हात आपोआप रिमोटकडे जाई आणि घर खायला उठे. माझ्या यजमानांना क्रिकेटची चुटपुट पुष्कळ दिवस राहिली. महत्त्वाचा सामना असला की ते आजही मित्राकडे जाऊन पाहतात, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

झोपेत पडलेला फरक सर्वांत आधी जाणवला. रात्री नऊची चर्चा, त्यातली आरडाओरड आणि मग साडेदहापर्यंत मालिका, असे डोके तापवून अंथरुणावर पडल्यावर बारा वाजेपर्यंत डोळा लागत नसे. आता दहाला दिवे मालवतात आणि सकाळी साडेपाचला गजराविना जाग येते. बातम्या मी वर्तमानपत्रात वाचते. वीस मिनिटे पुरतात आणि कोणावर चिडायची वेळ येत नाही. जेवणातही फरक पडला. पूर्वी पडद्याकडे पाहत जेवताना कितवी पोळी चालली आहे हे कळत नसे, आणि भाजीत मीठ घालायचे राहिले तरी कोणाच्या लक्षात येत नसे. आता पहिल्याच घासाला मुलगी सांगते.

परंतु मला ज्याचे मोल सर्वांत अधिक वाटते, तो लाभ मी अपेक्षिलाच नव्हता. माझे सासरे, अण्णा, टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवत आणि त्यावरून आमच्यात कित्येक वर्षे कुरबुर होत असे. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची आम्हा सर्वांनाच सवय लागली होती, त्यामुळे घरात कोणी हळू बोलतच नसे. टीव्ही बंद झाल्यावर आमचे आवाज हळूहळू खाली आले आणि मग दिसू लागले की उजव्या बाजूने विचारलेल्या प्रश्नाला अण्णा उत्तरच देत नाहीत, किंवा भलतेच देतात. कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासणी केली, तेव्हा उजव्या कानाने ऐकू येणे बरेच कमी झाल्याचे निघाले. आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो, ते त्यांचे दुखणे होते. त्या गोष्टीची मला आजही खंत वाटते. आता श्रवणयंत्र लावून ते रात्री जेवणानंतर नातीला पाढे विचारतात, पाव आणि अर्ध्याचे म्हणजे पावकी-निमकीसुद्धा, आणि ती पुटपुटली तरी चूक अचूक पकडतात.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. टीव्ही बंद करून तोच वेळ मोबाइलला दिला, तर यातले काहीही हाती लागत नाही. आमच्याकडेही पहिल्या महिन्यात तसेच झाले आणि मग रात्री आठनंतर मोबाइल स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवण्याचा नियम करावा लागला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये हे नेमके ओळखले. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही व मोबाइल दोन्ही बाजूला ठेवून मुले अभ्यासाला बसू लागली. आपल्या घरी एकदम पूर्ण बंद करणे जड जाणार असेल, तर सात ते साडेआठ हीच वेळ धरून सुरुवात करावी, आणि घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांच्यावर सक्ती न करता आधी त्यांच्याजवळ बसून त्यांना कोणती मालिका का आवडते ते विचारावे. अण्णांनी मला सांगितले होते की त्यांना मालिका आवडतच नव्हत्या, घरात कोणी तरी बोलत असल्यासारखे वाटे म्हणून ते टीव्ही लावत.