जुन्या ट्विन सिलिंडर मोटारसायकलचं इंजिन आतून गेलं आहे. खोलावं की दुसरं इंजिन बसवावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची गाडी चढावर असताना खालून ठक-ठक ऐकू आली, तशीच थोडी पुढे नेली आणि ती बंद पडली. आता किक जड लागते आणि मेकॅनिक म्हणतोय, दुसरं इंजिन टाका. माझं मत विचाराल तर आधी खोला. आणि आजपासून एकही किक मारू नका. आत धातूचा चुरा फिरत असेल, तर प्रत्येक किकेला तो आणखी कुठेतरी रुततो.

चढावर, म्हणजे लोड आल्यावर वाढणारा खोल ठोका बहुतेक वेळा बिग एंडचा असतो, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याला) जिथे जोडतो त्या खालच्या टोकाचा. पिस्टन सैल झाला असेल तर इंजिन गार असताना खडखड जास्त येते आणि तापल्यावर कमी होते. तुमचं वर्णन पहिल्यात बसतं, पण कानावर सगळा भरवसा ठेवू नका. ऑईल काढा, जुन्या सुती कापडातून गाळा आणि कापडावरून चुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड किंवा स्टील: रिंगा, गिअर, बॉल बेअरिंग. न चिकटणारे राखाडी चमकते पापुद्रे पिस्टनचे किंवा बेअरिंग शेलचे, म्हणजे बिग एंडमध्ये बसणाऱ्या पातळ अर्धगोल पट्ट्यांचे. पिवळसर कण दिसले तर बुश, म्हणजे कांस्याची छोटी नळी. हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) हात लावायच्या आधीच अर्धं उत्तर त्या कापडावर मिळतं.

माझी चूक सांगतो, कारण तीच तुमच्याकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. माझ्याही ट्विनचा बिग एंड गेला होता. क्रँक ग्राइंड करून घेतला, नवे शेल टाकले, ऑईल टाकी आणि नळ्या धुतल्या, इंजिन पुन्हा जोडलं. काहीशे किलोमीटरांत पुन्हा तोच ठोका. त्या रात्री गाडीजवळ नुसता बसून होतो.

दुसऱ्यांदा खोललं तेव्हा कारण सापडलं. अशा बऱ्याच जुन्या ट्विनमध्ये क्रँकच्या पोटात गाळ अडवणारी एक नळी असते. क्रँक फिरताना ऑईलमधली जड घाण बाहेरच्या बाजूला फेकली जाते आणि तिथे साठते. तिच्या तोंडाशी खाचेचा आटेदार प्लग असतो, पंच मारून पक्का केलेला. मी तो पंच ड्रिलने उडवला, प्लग तापवून फिरवला आणि आत स्क्रू ड्रायव्हर घातला. टोकाला बूट पॉलिशसारखा काळा, घट्ट लगदा आला. बोटांत चोळला तर चमचमत होता. बिग एंडकडे जाणारं ऑईलचं भोक त्याच्यामागे पूर्ण बुजलं होतं. पहिल्या वेळी मी नवे शेल बसवले, पण त्यांच्यापर्यंत ऑईल पोचायची वाटच उघडली नव्हती!

म्हणून कोणी क्रँक ग्राइंड करून आणला, तर तो प्लग काढला होता का, हे विचारा. भोकांतून तार घाला, रॉकेल मारा, उजेड आरपार दिसला पाहिजे. जर्नल, म्हणजे क्रँकचा शेल बसतो तो गोल भाग, मायक्रोमीटरने दोन-तीन दिशांनी मोजा. अंडाकार झालं असेल तर ग्राइंड करून, जेवढं घासलं तेवढ्या मापाचे अंडरसाइज शेल लागतील. रॉडचे बोल्ट आणि नट नवेच घ्या, तिथे काटकसर नको. ऑईल पंप खोलून पाहा, चुरा त्यातूनही गेलेला असतो. बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे असतील तर बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन. ते काम चांगल्या बोअरिंग मशिनवर सरळ होतं.

दुसऱ्या इंजिनाचा विचार मी एकाच कारणासाठी करीन: क्रँककेस (क्रँक ज्यात बसतो तो इंजिनाचा दोन अर्ध्यांचा खालचा खोका) मेन बेअरिंगच्या घरापाशी, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो तिथे, तडकली असेल तर. तेव्हाही फक्त अर्धी केस आणून जोडू नका. दोन्ही अर्धी जोडून एकत्र बोअर केलेली असतात, दुसरं अर्धं सरळ रेषेत बसेलच असं नाही. शिवाय वडिलांच्या गाडीवरचा इंजिन नंबर त्याच केसवर आहे.

जोडून झाल्यावर लगेच सुरू करू नका. दोन्ही स्पार्क प्लग काढा आणि किक मारत राहा. तुमची गाडी वेगळ्या ऑईल टाकीची असेल, तर टाकीचं झाकण उघडून परतीच्या नळीतून ऑईल उसळताना डोळ्यांनी पाहा, मगच प्लग लावा. पहिलं ऑईल शंभर-दीडशे किलोमीटरांत काढून पुन्हा कापडातून गाळा.

कापडावर काय निघालं, त्याचा रंग आणि चुंबकाला किती चिकटलं, एवढं कळवा. कुठून खोलायला सुरुवात करायची ते त्यावरून सांगतो.