'एस', 'एक्का' आणि 'हुकमी': तरुण पिचरला कोणता शब्द शोभेल?

प्रश्न असा आला आहे: "बेसबॉलवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. विशीतल्या एका पिचरबद्दल लेखक म्हणतो की पोरगा गुणी आहे, वेगवान आहे, पण अजून 'ट्रू एस' नाही. मी 'खरा एक्का' लिहिलं. संपादक म्हणतात, 'अव्वल गोलंदाज' करा. बरोबर काय? आणि हा 'एस' ठरतो तरी कशावरून?"

शेवटच्या प्रश्नाकडे आधी वळू या, कारण शब्दाची निवड त्यावरच ठरणार आहे. एक मात्र लगेच सांगते, 'अव्वल गोलंदाज' नको. 'अव्वल' हा क्रमवारीचा शब्द आहे. आकडेवारीत पहिला असलेला पिचर 'एस' असेलच असं नाही, आणि तुमच्या लेखकाला नेमकं हेच सांगायचं आहे. 'गोलंदाज' शब्दाचीही अडचण आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा हात कोपरात सरळ झाला की पंच आणि प्रेक्षक भुवया उंचावतात, 'फेकतो' हा आपल्याकडे आरोप असतो. पिचरचं तर कामच फेकण्याचं. तो माउंडवर, म्हणजे दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर, उभा राहून साडेसाठ फुटांवरच्या होम प्लेटकडे, फलंदाजाच्या जागेकडे, चेंडू फेकतो, टप्पा न पाडता. मराठी वाचकाला 'पिचर' आता कळतो, तो तसाच राहू द्या.

'एस'चं मूळ लॅटिन 'अस' या शब्दात आहे. रोमन लोकांचं हे एक नाणं, आणि एकक. तिथून तो फ्रेंचमध्ये आला, फाशावरच्या एका ठिपक्याला चिकटला. म्हणजे सुरुवातीला 'एस' हे सगळ्यात हलकं दान होतं, दोन्ही फाशांवर एकेक पडणं हा कपाळकरंटेपणा. पत्त्यांत आल्यावर त्याचं नशीब उघडलं आणि एक ठिपक्याचं पान राजाच्याही डोक्यावर जाऊन बसलं. आपल्याकडच्या जुन्या गंजिफात, सावंतवाडीला जो अजूनही हातानं रंगवला जातो त्यात, असं होत नाही. काही रंगांत एक्का दश्शीपेक्षा भारी, काही रंगांत हलका, पण राजा आणि प्रधान यांच्या वर तो कधीच जात नाही. 'एक्का' म्हणजे सर्वश्रेष्ठ ही आपली समजूत युरोपीय पत्त्यांबरोबर आली, आणि इतकी रुळली की तिचं परकेपण आता कुणाला जाणवतही नाही.

बेसबॉलमध्ये हा शब्द आधी वेगळ्याच अर्थानं होता. १८४५च्या निकरबॉकर क्लबच्या नियमांत सामना २१ 'एस'चा असे, म्हणजे २१ धावांचा. पिचरसाठी तो कसा आला याची एक आख्यायिका सांगतात. १८६९च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या पहिल्या उघडपणे व्यावसायिक संघाचा पिचर होता असा ब्रेनार्ड. संघ वर्षभर हरला नाही, आणि 'असा'वरून 'एस' झाला म्हणे. गोष्ट ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. पत्त्यांतला एक्का डोळ्यांसमोर असताना माणसाच्या नावापर्यंत जायचं कारणच काय?

हाच शब्द इतर खेळांत आणि युद्धात गेला तेव्हा त्याला मोजमाप मिळालं. टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्याची रॅकेट न लागता गेलेली सर्व्हिस ती 'एस'. मराठी क्रीडा पत्रकारांनी तिला 'बिनतोड सर्व्हिस' म्हटलं, आणि माझ्या मते मराठी क्रीडाभाषेतल्या सर्वांत नेटक्या शब्दांपैकी तो एक आहे. पहिल्या महायुद्धात शत्रूची पाच विमानं पाडली की वैमानिक 'एस'. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय १९१८च्या जुलैत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, दोनेक आठवड्यांत दहा विजय नोंदवून त्या यादीत गेला आणि त्याच महिन्यात मारला गेला. बेसबॉलच्या 'एस'ला असा आकडा नाही. इतके विजय, इतके स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद केलेले फलंदाज), मग तुम्ही 'एस', असं कुठल्याही नियमपुस्तकात सापडणार नाही. म्हणून तर अमेरिकेत त्यावर वर्षानुवर्षं वाद चालतात.

तरी त्या वादात एक गोष्ट सगळे गृहीत धरतात. आजच्या संघात साधारण पाच पिचर आळीपाळीनं सामन्याची सुरुवात करतात, दोन पाळ्यांमध्ये निदान चार दिवसांची विश्रांती. पाचांत पहिला कोणीतरी असणारच. पण 'एस' तो, ज्याची पाळी कधी येते याची संघ वाट पाहतो. संघ लागोपाठ हरतोय, राखीव पिचरांचे हात थकलेत, आणि आज 'त्याचा' दिवस आहे. पूर्वी अशा पिचरला 'स्टॉपर' असंही म्हणत, पराभवांची माळ तोडणारा. अर्थाचा गाभा हा आहे: त्याच्यावर संघानं टाकलेला भार, आणि तो भार वाईट दिवशीही पेलण्याची त्याची ताकद.

वाईट दिवशीही, हे शब्द मी मुद्दाम वापरते आहे. १९८१चा फर्नांडो व्हॅलेन्झुएला पाहा. मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतातल्या खेड्यातला, शेतकरी घरातला मुलगा. लॉस एंजलिस डॉजर्सचा ठरलेला पिचर जेरी रॉयस जखमी झाला, म्हणून हंगामाच्या पहिल्याच दिवशी, ९ एप्रिलला, या वीस वर्षांच्या डावखुऱ्याच्या हाती चेंडू दिला गेला. ह्यूस्टनला त्यानं भोपळाही फोडू दिला नाही, सामना २-०. पहिल्या आठ सामन्यांत आठ विजय, त्यांतल्या पाचांत प्रतिस्पर्ध्याची एकही धाव नाही. चेंडू टाकण्याआधी नजर आभाळाकडे नेण्याची त्याची लकब, आणि उलटा वळणारा स्क्रूबॉल. लॉस एंजलिसमधली मेक्सिकन कुटुंबं मैदानावर लोटली. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा मान आणि साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, दोन्ही त्यालाच मिळाले, एकाच वर्षी दोन्ही मिळवणारा तो एकमेव पिचर आहे.

पण तो 'एस' होता हे मला पटतं ते एप्रिलमुळे नव्हे, २३ ऑक्टोबरच्या रात्रीमुळे. वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, समोर न्यूयॉर्क यांकीज, डॉजर्स ०-२ असे मागे. त्या रात्री व्हॅलेन्झुएलाचं काहीच जमत नव्हतं. स्क्रूबॉल वळत नव्हता, दोन होमरन बसले, तिसऱ्या इनिंगपर्यंत तीन धावांची आघाडी जाऊन ३-४ अशी पिछाडी. नऊ फटके, सात वॉक, म्हणजे चार चेंडू नेमाबाहेर गेल्यानं फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस. कुठल्याही दुसऱ्या पिचरला प्रशिक्षकानं केव्हाच बाहेर बोलावलं असतं. डॉजर्सचे प्रशिक्षक टॉमी लसोर्डांनी त्याला राहू दिलं. संघानं पाचव्या इनिंगमध्ये ५-४ अशी आघाडी घेतली आणि या पोरानं जवळपास दीडशे चेंडू टाकून, नऊच्या नऊ इनिंग पुऱ्या करून, ती आघाडी राखली. पुन्हा पुन्हा कोणीतरी बेसवर, आणि तरी चौथ्या धावेनंतर पाचवी नाही. पुढचे तिन्ही सामने डॉजर्सनी जिंकले आणि विजेतेपद त्यांचं झालं. त्या रात्रीचे आकडे कागदावर पाहिले तर सामान्य पिचरचे वाटतील.

याच्या उलट उदाहरण केरी वुडचं. ६ मे १९९८, शिकागोचं रिग्ली फील्ड, वय वीस, कारकिर्दीतला पाचवाच सामना. ह्यूस्टनचे वीस फलंदाज स्ट्राइकआउट, एकच फटका, एकही वॉक नाही. बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम खेळ्यांपैकी ती एक आहे असं मानणारे खूप आहेत, मीही मानते. पण कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे पुढचा सगळा हंगाम गेला, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी तो शेवटच्या इनिंगपुरता येणारा पिचर झाला. एक दिवस कितीही थोर असला तरी 'एस'पणासाठी दर पाचव्या दिवशी परत यावं लागतं. म्हणूनच विशीतल्या मुलाला हा शब्द द्यायला जाणकार कचरतात. कंजूषपणा नसतो तो, त्या हाताची काळजी असते.

वेगाबद्दल तुमच्या लेखकाचं म्हणणं मला पटतं. सँडी कोफॅक्स १९५५ साली, एकोणीस वर्षांचा असताना, ब्रुकलिन डॉजर्समध्ये आला. वेग अफाट, पण चेंडू कुठे जाईल याचा नेम नाही. पहिल्या सहा हंगामांत ३६ विजय, ४० पराभव. १९६१च्या वसंतातल्या एका सराव सामन्यात ओळीनं वॉक दिल्यावर होम प्लेटमागे चेंडू झेलणारा कॅचर नॉर्म शेरी माउंडवर गेला आणि म्हणाला, जरा जोर कमी कर, त्यांना मारू दे. कोफॅक्सनं जोर कमी केला, आणि गंमत म्हणजे चेंडूचा वेग फारसा घटला नाही, फक्त तो जिथे हवा तिथे जाऊ लागला. त्या वर्षी २६९ स्ट्राइकआउट. पुढे तीन साय यंग. फलंदाज त्याच सामन्यात पिचरला तिसऱ्यांदा पाहतो तेव्हा नुसता वेग पुरत नाही, त्याला तो सरावलेला असतो. तिसऱ्या फेरीसाठी राखून ठेवलेलं काहीतरी हवं, आणि फसलेला चेंडू बाजूला ठेवून उरलेल्यांवर सामना काढायची अक्कल हवी. ती बहुतेकांना विशीत नसते, त्यात त्यांचा दोष नाही.

संघ चांगला असला तरच 'एस' होता येतं, असंही नाही. १९७२च्या फिलाडेल्फिया फिलीजनी अख्ख्या हंगामात ५९ सामने जिंकले, त्यातले २७ एकट्या स्टीव्ह कार्लटनच्या नावावर.

जपाननं हा शब्द 'एसु' म्हणून घेतला आणि त्याला आणखी गंभीर केलं. शालेय संघात 'एस'च्या पाठीवर १ हा आकडा असतो, व्यावसायिक संघात बहुधा १८. १९९८च्या कोशिएन या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत योकोहामा शाळेच्या दाइसुके मात्सुझाकानं उपांत्यपूर्व सामन्यात सतरा इनिंग, अडीचशे चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशी शेवटच्या इनिंगपुरता आला, आणि त्यानंतर अंतिम सामन्यात एकही फटका बसू दिला नाही. जपाननं ते डोक्यावर घेतलं. पण २०१९ साली ओफुनातो शाळेच्या प्रशिक्षकानं ताशी १६३ किलोमीटरनं चेंडू टाकणाऱ्या रोकी सासाकीला, हात जपण्यासाठी, प्रांताच्या अंतिम सामन्यात उतरवलंच नाही. शाळा हरली, कोशिएन हुकलं, देशभर वाद झाला. 'एस'नं संघासाठी झिजायचं की संघानं 'एस'ला जपायचं, हा तो वाद. २०२०पासून शाळकरी पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा आली. आणि सासाकीनं १० एप्रिल २०२२ला, विसाव्या वर्षी, व्यावसायिक सामन्यात परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही फलंदाजाला बेसवर पोचू दिलं नाही, त्यात ओळीनं तेरा स्ट्राइकआउट. प्रशिक्षक बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे.

अर्थ आजही सरकतो आहे. पिट्सबर्ग पायरेट्सचा पॉल स्कीन्स आधी अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत शिकत होता, म्हणजे 'एस'च्या दोन्ही अर्थांच्या वाटेवर. मे २०२४मध्ये पदार्पण, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित. २०२५मध्ये दर नऊ इनिंगमागे दोनपेक्षाही कमी धावा, साय यंग एकमतानं, आणि विजय-पराभव? १०-१०. त्याच्याच संघाचे फलंदाज त्याला धावा करून देत नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी जेवढे विजय तेवढेच पराभव असलेल्या पिचरला एकमतानं 'एस' म्हणायला लोक तयार झाले नसते. आता जाणकार विजय मोजत नाहीत, त्यानं स्वतःच्या हातात होतं तेवढं केलं का, ते पाहतात.

आता मराठी शब्दाकडे. 'हुकमाचा एक्का' आणि 'हुकमी एक्का' आपण सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो, पण इथे फरक करावा. हुकमाचा एक्का हे पान आहे. मेंढीकोट खेळणाऱ्याला माहीत आहे की ते छातीशी धरून ठेवायचं आणि ऐन वेळी टाकायचं. त्या शब्दात राखून ठेवल्याचा, लपवल्याचा भाव येतो. 'एस'ची पाळी मात्र आधीच जाहीर असते, समोरच्या संघालाही ती माहीत असते. 'हुकमी'मध्ये लपवाछपवी नाही. हुकमी गिऱ्हाईक, हुकमी उपाय: म्हटलं की होणार, येणार, चुकणार नाही. 'एस'बद्दलची भावना अगदी हीच आहे. नुसतं 'खरा एक्का' म्हटलं तर श्रेष्ठता येते, पण भरवसा निसटतो, आणि 'खरा' म्हटल्यावर खोटा कोण असाही प्रश्न उगाच उभा राहतो. 'बिनीचा शिलेदार' हा पर्याय कोणी सुचवेल. शब्द देखणा आहे, पण बिनी म्हणजे सैन्याची आघाडी, आणि शिलेदार आघाडीवर अनेक असू शकतात. सलामीच्या पिचरांच्या अख्ख्या ताफ्यासाठी तो ठेवा.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं करीन: "पोरगा गुणी आहे, वेग आहे, पण संघानं ज्याच्या भरवशावर निर्धास्त राहावं असा हुकमी एक्का तो अजून झालेला नाही." पहिल्यांदा एवढं उलगडून लिहा, पुढे लेखभर 'हुकमी एक्का' किंवा नुसतं 'एक्का' चालेल. पाचांतल्या पहिल्या क्रमांकाबद्दल बोलणं असेल तिथे 'पहिल्या क्रमांकाचा पिचर' लिहा, म्हणजे दोन्ही गोष्टींची सरमिसळ होणार नाही.

आणि पिचर बाई असेल तर? 'एक्की' करू नये, पत्त्यांत तसं पान नाही. 'ती घराचा कणा आहे' हे आपण जसं बिनदिक्कत म्हणतो तसंच म्हणावं. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोनं सॉफ्टबॉलच्या तीन सामन्यांत, दोन दिवसांत, ४१३ चेंडू टाकून सुवर्णपदक आणलं, आणि २०२१मध्ये टोकियोत, एकोणचाळिसाव्या वर्षी, पुन्हा. तेव्हा वाक्य असं: "उएनो जपानी संघाचा हुकमी एक्का होती." क्रियापद तिच्याप्रमाणे, 'हुकमी एक्का' आहे तसा.