फोकस म्हणजे चूल

अगं,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी बघितला. "सर फोकसच होत नाहीये" एवढंच, आणि खाली ते डोकं फुटलेलं ईमोजी. आता सर टाइमटेबल पाठवतील असं वाटलं असेल तुला, पण टाइमटेबल मलाच कधी पाळता आलं नाही, त्यापेक्षा त्या शब्दाचंच सांगतो.

फोकस हा मूळ लॅटिन शब्द आणि त्याचा अर्थ चूल! घरातली, जिच्याभोवती सगळे गोळा होतात ती. 1604 साली केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने प्रकाशावरच्या पुस्तकात तो भूमितीत आणला, लंबवर्तुळाची वगैरे जी नाभी आपण म्हणतो ना, तिच्यासाठी. चूलच का, तर भिंगाने ऊन जिथे एकवटतं तिथे कागद पेटतो, त्यावरून सुचलं असावं असं मानतात. फोकस करणं हे क्रियापद नंतरचं, आधी चूल मग बाकी सगळं.

आणि आपलं "लक्ष केंद्रित कर"? केंद्र ऐकायला अस्सल संस्कृत वाटतो, पण आहे ग्रीक, केंट्रॉन, ज्योतिषाबरोबर इकडे आला, पत्रिकेतली केंद्रस्थानं म्हणतात ती त्यातलीच. मूळ अर्थ टोचणारं टोक. बैल हाकायच्या पराणीला पुढे आर असते बघ, तसलं. मग कंपासचं कागदात रुतवायचं टोक, आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. तू रात्री दीड वाजता स्वतःला "बस, वाच, बस, वाच" करत जे टोचत असतेस ना, ती पराणी झाली गं, तिने बैल चालतो फक्त, चूल पेटत नाही.

भिंग कागदाला चिकटवून धरलं तर नुसता उजेडाचा मोठा गोल पडतो, तासभर धर, काही होत नाही. हळूहळू वर घेतलं की गोल आक्रसतो, शेंगदाण्याएवढा, मग मोहरीएवढा, तिथे हात थांबवला की तपकिरी ठिपका आणि धूर. अजून वर नेलं की परत फिसकटलं. ऊन तेवढंच असतं हां सगळीकडे. तू पण सहा सहा तास पुस्तकाला नाक लावून बसतेस असं आई म्हणत होती तुझी.

रविवारी दुपारी ये गच्चीवर. भिंग आहे माझ्याकडे, एक चरा गेलाय पण चालतं. कागद काळा आण, पांढरा लवकर पेटत नाही, आणि गॉगल विसरू नकोस.