कातकरी वाडीतल्या मुलांना वह्या-दप्तरं द्यावीत की अजून काही?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या काही जणांनी पैसे जमवलेत आणि कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या कातकरी आदिवासींच्या वाडीत वह्या, दप्तरं वाटायचा विचार आहे. मी रायगडातच राहतो, वाड्यांवर येणंजाणं असतं, म्हणून स्पष्टच सांगतो. दप्तरं नका वाटू. आठवीपर्यंत पुस्तकं सरकारकडून फुकट मिळतात, गणवेश मिळतो, दुपारची खिचडी शाळेत असते, आणि जूनमध्ये पुण्या-मुंबईच्या गाड्या येऊन एवढी दप्तरं टाकून जातात की एकेका घरात कंपनीचं नाव छापलेली तीन-तीन दप्तरं लटकत असतात, एकात कांदे.

खरी अडचण दिवाळीनंतर सुरू होते. वाडीच रिकामी होते हो. कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळसा पाडायला पार कर्नाटकापर्यंत, आणि आईबाप गेले की पोरंही जातात कारण मागं ठेवणार कोणाकडे? तिथं आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते, जरा मोठी असेल तर विटा पालथ्या घालते. मे-जूनला परत येते तोवर वर्ग पुढे गेलेला, आधीच घरची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी वेगळी, मग दोन-तीन वर्षांत शाळेचा नादच सुटतो. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही असं म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, कारण भट्टीवर जाणं त्यांनी ठरवलेलं नसतंच, भर पावसात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडनं, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडनं, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते आणि ती फेडायला नवरा-बायकोला जोडीनं जावंच लागतं.

म्हणून पैसे कुठं लावायचे, तर पोर वाडीत राहील यासाठी. बीडकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं, मूल आजीपाशी राहतं आणि जेवणाची सोय गावातच होते. तसंच इथं लहान प्रमाणात करता येतं. वाडीतल्याच एखाद्या बाईला महिन्याचा पगार, संध्याकाळचं जेवण आणि दहावी-बारावी झालेली वाडीतलीच कोणी पोरगी असेल तर तिला अभ्यास घ्यायला मानधन. पण हे दिवाळी ते मे सलग चालवावं लागतं. दोन महिन्यांनी पैसे संपले तर सुरूच करू नका, कारण आईबाप तुमच्या भरवशावर पोर मागं ठेवून गेलेले असतात. आश्रमशाळा आहेतच, पण सहा वर्षांचं पोर लांब ठेवायला आया तयार नसतात, आणि ठेवलं तरी बरीच पोरं पळून घरी येतात, दोष कोणाला देणार.

दुसरं काम एकदम कंटाळवाणं आहे, फोटो काढण्यासारखं काही नाही त्यात. कागदपत्रं. पहिलीच्या प्रवेशाला कागद नाही म्हणून शाळा अडवू शकत नाही, तो कायदाच आहे, पण दहावीनंतर शिष्यवृत्तीला जातीचा दाखला लागतोच. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. आता ज्याच्या आज्याकडे ना जमीन होती ना शाळेचा दाखला, तो कुठून आणणार? मग चुलत्याचा निघालेला दाखला शोधा, जुना गावनमुना (तलाठ्याकडची गावाची नोंद) शोधा, सेतूत म्हणजे दाखल्यांच्या अर्ज केंद्रात आणि प्रांत ऑफिसात खेटे घाला. मजुरी बुडवून हे कोण करणार? तुमच्यातला एक जण महिन्यातून दोन दिवस याच कामाला दिलात तरी फार झालं. जाताना रेशनकार्डही बघा. कातकरी आदिम जमातीत येतात, त्यांना अंत्योदयचं, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या रेशनकार्डावरचं, ३५ किलो धान्य मिळायला पाहिजे, ते पावसात नीट मिळालं तर उचल थोडी कमी घ्यावी लागते.

सुरुवात गणपतीच्या आधी करा. आधी शाळेच्या गुरुजींना भेटा, कुठली घरं दरवर्षी जातात हे त्यांना तोंडपाठ असतं. पेणला आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय आहे, तिथं योजनांची चौकशी करून ठेवा. आणि आधीच वह्या घेऊन झाल्या असतील तर राहू द्या, जानेवारीत द्या, जूनच्या तोवर संपलेल्या असतात.