पापनिवेदन झाले, तरी मन मानत नाही

“मॅडम, फादरांपुढे पापे सांगूनही शंका जात नाही, हा आजार आहे की माझे पापच आहे? आणि आजार असेल, तर उपचार घेता घेता माझी श्रद्धाच सुटली तर?” मी समुपदेशक आहे आणि कॅथलिक घरांतून माझ्याकडे येणारी माणसे थोड्याफार फरकाने हाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर मी एका तरुणीच्या अनुभवातून देते. तिच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बोरिवलीच्या एका गावठाणात राहणारी आणि चर्चगेटला हिशेबाचे काम करणारी ही २६ वर्षांची ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळ मराठीभाषक ख्रिस्ती समाजातली) मुलगी पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या पर्समध्ये एक छोटी वही होती. वहीत पेन्सिलीने पाप, तारीख आणि संख्या लिहिलेली होती, आणि शेवटच्या रकान्यावर ‘पूर्ण संमती होती का?’ असा मथळा होता. त्या रकान्यात ‘हो’ आणि ‘नाही’ इतक्यांदा खोडून पुन्हा लिहिले होते की दोन-तीन ठिकाणी कागद विरून भोक पडले होते.

शनिवारी संध्याकाळी घरी परतताना ती माहीमला उतरून चर्चमध्ये फादरांपुढे पापनिवेदन करी, मग ‘फादरांना माझे म्हणणे नीट कळले नसेल’ या शंकेने वांद्र्याला उतरे, आणि तरीही चैन पडले नाही तर मालाडला. चर्च मुद्दाम वेगवेगळी निवडलेली असत, कारण ओळखीच्या फादरांनी ‘हे तू मागेच सांगितले आहेस’ म्हणून थांबवले असते. कम्युनियनपूर्वीचा, म्हणजे चर्चच्या उपासनेत पवित्र भाकरी घेण्याआधीचा, एक तासाचा उपवास चूळ भरताना गिळलेल्या थेंबाने मोडला, असे वाटून ती रविवारी रांगेतून बाहेर पडे. पाण्याने आणि औषधाने तो उपवास मोडत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. कम्युनियन घेतलेच, तर तळहाताला एखादा कण चिकटला असेल या भीतीने डावी मूठ दुपारपर्यंत अर्धी मिटलेली राही.

येथे माझी एक चूक सांगणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या भेटींत मी तिला समजावत बसले. गंभीर बाब, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेने दिलेली संमती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याखेरीज ‘मॉर्टल सिन’ (महापाप) होत नाही, ही तिच्याच धर्मशिक्षणातील शिकवण मी तिला पुन्हा ऐकवली. तिला हायसे वाटले, आणि दोन तासांनी तिचा फोन आला: “पण जाणीव पूर्ण होती की अर्धी, हे मी कसे ठरवायचे?” माझे प्रत्येक उत्तर वहीतल्या त्या रकान्यात आणखी एक नोंद होऊन बसत होते. तिला क्षमा हवी होती असे मला वाटत होते. खरे तर क्षमा तिला केव्हाच मिळालेली होती. ती मागत होती ती खात्री, आणि तशी खात्री कोणत्याही फादरांना किंवा समुपदेशकाला देता येत नाही.

हा ओसीडीचाच, म्हणजे मंत्रचळाचा एक प्रकार आहे. सोवळ्याओवळ्याच्या घरांतही मी तो पाहिला आहे. तिथे जपाची संख्या चुकल्याच्या शंकेने माणसे पहाटेपर्यंत मोजत बसतात. चर्चला हे दुखणे शतकानुशतके परिचित आहे. त्याला ‘स्क्रुपल’ म्हणतात आणि मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे लहान टोकदार खडा. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे या दुखण्याने इतके गांजले की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात येऊ लागले. ‘जुनी पापे अगदी स्पष्ट असतील तरच पुन्हा सांग’ असे त्यांच्या फादरांनी बजावले, परंतु त्यांना प्रत्येकच पाप स्पष्ट वाटत असल्याने त्या सल्ल्याचा उपयोग झाला नाही. अखेर जुने काहीच पुन्हा सांगायचे नाही, असे त्यांनी ठरवले. हे ऐकून ती पहिल्यांदा रडली, आणि असे विचार आपल्यालाही येतात, हे तिने त्याच दिवशी सांगितले. म्हणून मी तिला विलंब न लावता मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. अशा वेळी कोणीही थांबू नये. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. तिला औषधे सुरू झाली. ओसीडीत त्यांचा परिणाम जाणवायला बहुधा आठ ते बारा आठवडे लागतात, हे आधी सांगून ठेवल्यामुळे तिने ती मध्येच सोडली नाहीत.

पाप कोणते आणि कोणते नाही, हे ठरवणे माझे काम नव्हे. म्हणून तिच्या इच्छेने तिच्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांबरोबर आम्ही एकत्र बसलो. पापनिवेदनात ऐकलेल्या गोष्टींविषयी फादर एक शब्दही बोलू शकत नाहीत, त्यामुळे सारे तिनेच सांगितले. तिघांनी मिळून ठरवले की फादर एकच, पंधरवड्यातून एकदाच, वही न नेता आणि पाच मिनिटांत. प्रायश्चित्त म्हणून तीन ‘नमो मरिया’ प्रार्थना म्हणताना लक्ष विचलित झाले, तरी त्या पुन्हा म्हणायच्या नाहीत. शंका मनात असताना रांगेत उभे राहायचे, कम्युनियन घ्यायचे आणि घरी आल्यावर नेहमीसारखे हात धुऊन जेवायला बसायचे. या उपचारात कोणतेही पाप करायला सांगितले जात नाही. भीती येऊ द्यायची आणि तिला शमवणारी कृती करायची नाही, एवढेच त्यात करायचे असते. आणि तेवढेच फार अवघड असते.

सर्वांत कठीण गेले ते तिच्या आईला. दिवसातून वीस-वीस वेळा “नाही गं बाय, ते पाप नाही” असे सांगणे हेच मायेचे काम, असे त्या माऊलीला वाटत होते. आता लेकीने विचारले की त्या म्हणतात, “ही तुझी शंका बोलते, मी तिला उत्तर देणार नाही. चल, भाकरी थापायला ये.” पहिल्या आठवड्यात दोघींचे कडाक्याचे भांडण झाले.

श्रद्धा सुटली का, असे मी तिला सहा महिन्यांनी विचारले. ती म्हणाली, मिस्सेतील (चर्चच्या उपासनेतील) वाचने आता ऐकू येतात. पूर्वी ती मनात हिशेब करत बसायची.

भीती गेलेली नाही. गेल्या शनिवारी माहीम येताच ती उठून दारापर्यंत गेली होती. गाडी सुटेपर्यंत दांडा धरून तिथेच उभी राहिली, वांद्रे गेले, मालाड गेले, आणि धडधडत्या छातीने ती बोरिवलीलाच उतरली.